घर कोण आवरतं? एक पेपर, एक सर्वेक्षण आणि आमच्या शाहूपुरीतल्या दोन खोल्या

गेल्या महिन्यात 'पेट'ची तयारी करणारा एक ज्युनिअर आमच्या लॅबमध्ये आला होता. चहा पिता पिता म्हणाला, "दादा, पीएचडी चालू, वहिनींची नोकरी, त्यात ही रोजची धावपळ. घर कसं काय आवरतं तुमचं?"

मी लगेच मोठ्या भावाच्या थाटात उत्तर दिलं. "वेळेचं नियोजन रे, दुसरं काय. सकाळी पंधरा मिनिटं, रात्री पंधरा मिनिटं. आणि घर नीटनेटकं असलं की डोकं शांत राहतं, त्यावर रिसर्चसुद्धा झालाय."

संध्याकाळी घरी आलो आणि हा किस्सा बायकोला सांगितला. ती ओटा पुसत होती. हात न थांबवता तिनं दोनच प्रश्न विचारले. "कुठला रिसर्च? आणि पंधरा मिनिटं कुणाची?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नव्हतं. कुठंतरी वाचलं होतं, मूळ पेपर उघडलाच नव्हता. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माहीत होतं, पण ते द्यायची हिंमत झाली नाही. रिसर्च करणाऱ्या माणसानं मूळ पेपर न वाचता "रिसर्च झालाय" म्हणणं म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. तेव्हा प्रायश्चित्त म्हणून मी तो पेपर शोधला, वाचला, आणि त्याच्या मागोमाग देशाचं एक मोठं सर्वेक्षणही वाचलं. आज त्या दोन्हींची चिरफाड करूया. विषय केरवाऱ्याचा आहे, पण यातल्या तीन-चार गोष्टी तुम्हाला सिनॉप्सिस लिहिताना आणि मुलाखतीत नक्की उपयोगी पडतील.

आधी एक कबुली. मी मटेरियल सायन्सचा, समाजशास्त्र माझा विषय नाही. पण पेपर कसा वाचायचा हे सगळीकडं सारखंच असतं: काय मोजलं, कसं मोजलं, कुणावर मोजलं, आणि निष्कर्ष मोजमापाच्या पुढं तर गेला नाही ना.

१. "घर नीट तर मन शांत": मूळ पेपर काय म्हणतो?

डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी या दोन मानसशास्त्रज्ञांचा हा पेपर २०१० सालचा. अभ्यास लॉस एंजेलिसमधला. ६० माणसं, म्हणजे ३० जोडपी. नवरा-बायको दोघंही कमावणारे, घरात मुलं. प्रत्येकाच्या हातात कॅमेरा दिला आणि सांगितलं, तुमचं घर आम्हाला फिरवून दाखवा, दाखवता दाखवता बोला. नवऱ्यानं वेगळं दाखवायचं, बायकोनं वेगळं. मग त्या बोलण्यातले शब्द सॉफ्टवेअरनं मोजले. पसारा, अस्ताव्यस्त, अर्धवट राहिलंय अशा अर्थाचे शब्द किती, आणि विसाव्याचे, बागेचे, मोकळ्या हवेचे शब्द किती. सोबत कामाच्या दिवसांत त्यांच्या लाळेचे नमुने दिवसातून अनेकदा घेतले आणि त्यातलं कॉर्टिसॉल तपासलं.

कॉर्टिसॉल हे ताणाशी संबंधित हार्मोन. निरोगी माणसात ते सकाळी चढलेलं असतं आणि दिवसभरात उतरत जातं. रात्रीपर्यंत आलेख छान खाली यायला हवा. हा उतार सपाट झाला तर ते तब्येतीच्या दृष्टीनं चांगलं लक्षण मानत नाहीत.

निष्कर्ष असा की ज्या बायकांच्या बोलण्यात पसाऱ्याचे आणि अर्धवट कामांचे शब्द जास्त, त्यांचा कॉर्टिसॉलचा उतार सपाट होता, आणि दिवस सरत जाईल तसं त्यांचं मनही जास्त खिन्न होत होतं. वैवाहिक समाधान आणि स्वभावातली चिंता हे दोन घटक हिशेबात धरूनही हे टिकलं. नवऱ्यांमध्ये मात्र असा संबंध दिसला नाही.

आता हेच सल्ल्यांमध्ये कसं येतं बघा: "पसाऱ्यामुळे ताण वाढतो, म्हणून घर आवरा." या एका वाक्यात तीन उड्या आहेत.

पहिली उडी कार्यकारणाची. पेपरच्या शीर्षकातच लेखिकांनी 'सहसंबंध' असा शब्द घातलाय. त्या बिचाऱ्या प्रामाणिक आहेत. पसाऱ्यामुळे ताण आला, की ताणलेल्या बाईला पसारा जास्त दिसला, की दोन्हींच्या मागं तिसरंच काही आहे, हे या रचनेतून ठरवता येत नाही. सल्ला देणाऱ्यांनी शीर्षकसुद्धा पूर्ण वाचलेलं नसतं. (मी तर पेपरच उघडला नव्हता, त्यामुळे मी गप्प.)

दुसरी उडी मला जास्त महत्त्वाची वाटते. या अभ्यासातल्या आकड्यांत पसारा मोजलेलाच नाही. म्हणजे जमिनीवर किती वस्तू पडल्या होत्या, सिंकमध्ये किती भांडी होती, याचा आणि कॉर्टिसॉलचा संबंध लावलेला नाही. संबंध लावलाय तो बोलण्यातल्या शब्दांशी. घर एकच, फिरवून दाखवणारी माणसं दोन. एकच कपड्यांचा ढीग बघून एकजण म्हणेल, "ही आमची बेडरूम." दुसरी म्हणेल, "ही बेडरूम, या घड्या घालायच्या राहिल्यात." ढीग तोच आहे. "राहिल्यात" हा शब्द कोण बोलतं? तर ज्याच्यावर ते काम आहे तो. म्हणजे मोजली गेली ती बहुधा पसाऱ्याची जबाबदारी. हा माझा अर्थ आहे, पेपरचा निष्कर्ष नव्हे. पण नवऱ्यांमध्ये संबंध का दिसला नाही, याचं 'पुरुषांना पसारा चालतो' यापेक्षा बरं स्पष्टीकरण मला यात दिसतं.

तिसरी उडी नमुन्याची. लॉस एंजेलिसमधली तीस मध्यमवर्गीय जोडपी. तिथली घरं, तिथली कपाटं, तिथलं मोठं गॅरेज. आमच्याकडं शाहूपुरीत काय आहे? रस्त्याकडेच्या खिडकीतून येणारी धूळ, बाजारपेठेत गूळ आणि धान्य उतरवणाऱ्या गाड्यांची वर्दळ, पावसाळ्यात भिंतीला येणारी ओल आणि चपलांवर चढणारी बुरशी. आणि खालच्या अंगाला कुंभार गल्लीसारख्या भागात तर ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणीच घरात आलं. पाणी ओसरल्यावर चिखल उपसणाऱ्या माणसाला "रोज पंधरा मिनिटं आवरा" सांगून बघा. सल्ल्यांची पुस्तकं असं गृहीत धरतात की घाण आपल्या सवयीतून येते. आमच्याकडं बरीचशी घाण नदीतून, रस्त्यातून आणि हवेतून येते. नमुन्यातलं घर आणि आपलं घर एकच नाही, हे लक्षात ठेवायचं.

म्हणून पेपर टाकाऊ आहे का? अजिबात नाही. लोकांच्या घरात जाऊन, त्यांचं बोलणं आणि शरीरातलं हार्मोन एकत्र बघायची कल्पनाच भारी आहे. दोष मोजमापाचा नाही, आपल्या वाचण्याचा आहे. टीका लिहिताना हा फरक सांभाळा. परीक्षकाला "पेपर चुकीचा आहे" असं सांगणारा विद्यार्थी आवडत नाही. "पेपर इथपर्यंत बरोबर आहे, त्याच्या पुढं नाही" असं सांगणारा आवडतो.

२. ९७ मिनिटं: छेद बघा, भावांनो

आता बायकोचा दुसरा प्रश्न. मिनिटं कुणाची?

आपल्या देशात यावर सरकारी आकडे आहेत. १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत पहिलं प्रायोगिक वेळ-वापर सर्वेक्षण झालं, त्यात महाराष्ट्र नव्हता. मग राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं जानेवारी ते डिसेंबर २०१९ मध्ये देशभर सर्वेक्षण केलं. सुमारे १ लाख ३९ हजार कुटुंबं आणि सहा वर्षांवरची जवळपास साडेचार लाख माणसं. आदल्या दिवशी पहाटे चारपासून चोवीस तासांत तुम्ही काय काय केलं, हे अर्ध्या अर्ध्या तासाच्या खान्यांत लिहून घेतलं. दुसरी फेरी २०२४ मध्ये झाली.

२०१९ चा सगळ्यात गाजलेला आकडा हा: घरच्यांसाठी केलेल्या बिनपगारी घरकामात बायका दिवसाला २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटं. (घरकाम म्हणजे फक्त केर-फरशी नाही, स्वयंपाक, भांडी, धुणं, किराणा सगळं त्यात आलं. हे 'सफाईचे आकडे' म्हणून कुठं वापरू नका.)

मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा, खरं सांगतो, बरं वाटलं होतं. ९७ मिनिटं म्हणजे दीड तासाच्या वर. एकास तीन असं प्रमाण. वाईट आहे, पण अगदीच लाज वाटावी असं नाही.

मग टीप वाचली. ही सरासरी 'सहभागी व्यक्तींची' आहे. म्हणजे त्या दिवशी ज्यांनी थोडं तरी घरकाम केलं, फक्त त्यांची. आणि सहभागी होते किती? बायकांमध्ये ८१.२ टक्के. पुरुषांमध्ये २६.१ टक्के.

जरा थांबा आणि वहीवर गुणाकार करा. २९९ ला ०.८१२ नं गुणलं तर साधारण २४३. ९७ ला ०.२६१ नं गुणलं तर साधारण २५. सगळ्या माणसांना धरून सरासरी ही: बाई २४३ मिनिटं, पुरुष २५ मिनिटं. एकास तीन नाही, जवळजवळ एकास दहा. अहवालात हाही तक्ता आहे, कुणी लपवलेला नाही. फक्त मथळ्यात पहिला आकडा जातो, कारण तो आधी येतो.

दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला सांगतो, जे पुरुष काम करतात ते किती करतात. दुसरा सांगतो, एकूण कामाचा भार कुणावर किती पडतो. प्रश्न दुसरा असताना उत्तर पहिलं देणं, ही चूक आपण सगळे करतो. लॅबमध्येसुद्धा. दहा सॅम्पलपैकी तीनच चालले आणि आपण चाललेल्या तिघांची सरासरी एफिशियन्सी लिहितो. सातांचं काय झालं ते कुणी विचारू नये अशी प्रार्थना करतो.

आता २०२४ बघा. सहभागी बायका २८९ मिनिटं, सहभागी पुरुष ८८ मिनिटं. "पुरुषांचं घरकाम ९७ वरून ८८ वर घसरलं!" असा मथळा सहज करता येईल. पण थांबा. सहभागी पुरुषांचं प्रमाण किंचित वाढून २७.१ टक्के झालंय. नव्यानं सामील झालेले लोक थोडंच काम करत असतील, तर काम करणारे वाढूनही त्यांची सरासरी खाली येऊ शकते. म्हणून पुन्हा गुणाकार: ०.२७१ गुणिले ८८, म्हणजे साधारण २४. सगळ्यांना धरून पुरुषांची सरासरी २५ वरून २४. पाच वर्षांत, मधे एक अख्खी कोरोनाची टाळेबंदी येऊन गेली, सगळे घरात बसले, तरी चित्र जवळपास जिथल्या तिथं. मथळ्यातली नऊ मिनिटांची घसरण खरी म्हणावी तर एका मिनिटाची, पण मूळ दुखणं तसंच.

हे झालं आकड्यांबद्दल. आता हे आकडे गोळा कसे झाले त्याबद्दल. अर्ध्या तासाच्या एका खान्यात जास्तीत जास्त तीन कामं नोंदवायची, आणि तीही दहा मिनिटं किंवा त्याहून जास्त चाललेली. एवढ्या मोठ्या सर्वेक्षणात अशी मर्यादा घालावीच लागते, मला मान्य आहे. पण घर नीट राहतं ते कशानं? सोफ्यावरचा टॉवेल उचलून दांडीवर टाकला, अर्धं मिनिट. ओटा पुसला, तीन मिनिटं. डब्याची झाकणं जुळवली, दोन मिनिटं. संपलेल्या साबणाच्या जागी नवा ठेवला, दहा सेकंद. दहा मिनिटांच्या चाळणीतून हे सगळं खाली गळतं. शिवाय जो माणूस घरी भेटत नाही त्याच्या वतीनं घरातलं दुसरं कुणीतरी माहिती देऊ शकतं. माझ्या दिवसाचा हिशेब माझ्या आईनं दिला असता तर तिनं नक्की सांगितलं असतं, "करतो की माझा लेक, बरंच करतो!"

३. सल्ले: यंत्र घ्या, बाई लावा, वस्तू कमी करा

सल्ल्यांवर फार वेळ घालवत नाही, पण तीन लोकप्रिय उपायांकडं संशोधकाच्या नजरेनं बघूया.

*यंत्र घ्या.* जोअन व्हॅनेक या अमेरिकी अभ्यासिकेनं १९७४ मध्ये जुन्या वेळ-नोंदी तपासल्या. १९२० च्या दशकात नोकरी न करणारी गृहिणी आठवड्याला सुमारे ५२ तास घरकाम करायची. १९६० च्या दशकात, घरात वीज, नळ, वॉशिंग मशीन, व्हॅक्यूम क्लीनर सगळं आल्यावर, सुमारे ५५ तास! तास वाढले. कारण? यंत्रानं एका कामाला लागणारी मेहनत कमी केली, पण किती वेळा आणि किती स्वच्छ, याची अपेक्षा वाढवली. रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी १९८३ मध्ये यावर आख्खं पुस्तक लिहिलं. आपल्याकडं आजी चादरी किती दिवसांनी धुवायची ते विचारून बघा, आणि मशीन आल्यापासून घरात किती दिवसांनी धुतात ते मोजून बघा.

*बाई लावा.* धुणं-भांड्याला बाई लावली की आमचा वेळ वाचतो, हे खरं. पण काम संपत नाही, माणूस बदलतो. गंमत अशी की तोच झाडू, तीच फरशी, पण सर्वेक्षणात त्या कामाचा रकाना बदलतो. बायकोनं केलं तर बिनपगारी घरकाम, मावशींनी केलं तर रोजगार. राष्ट्रीय उत्पन्नात दुसरं धरतात, पहिलं नाही. आणि चार घरची फरशी पुसून मावशी स्वतःच्या घरी जातात, तिथली पंधरा मिनिटं कुणाची, हा प्रश्न आपण विचारत नाही. महाराष्ट्रात २००८ मध्ये घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला, म्हणजे शासनानंही हे 'काम' आहे असं मान्य केलं. आमच्या सल्ल्यांत मात्र ते अजून 'सोय' या नावानं येतं.

*वस्तू कमी करा.* जपानच्या मारी कोंडोचं पुस्तक २०१४ मध्ये इंग्रजीत आलं आणि जगभर गाजलं. हातात धरल्यावर जी वस्तू आनंद देते ती ठेवा, बाकीच्या काढा. कल्पना छान आहे, आमच्या माळ्यावर निदान चार पोती भरून निघतील. पण २०२३ मध्ये खुद्द कोंडोबाईंनी सांगितलं की तिसरं मूल झाल्यापासून घर नीटनेटकं ठेवण्याचा हट्ट त्यांनी बराचसा सोडलाय. यावर लोकांनी त्यांची टर उडवली. मला तर ते त्यांचं सगळ्यात प्रामाणिक निरीक्षण वाटलं. पद्धत तीच, माणूस तोच, फक्त एक चल बदलला आणि निकाल बदलला. म्हणजे आधीच्या यशात पद्धतीचा वाटा किती आणि मोकळ्या वेळेचा किती, हे पुन्हा तपासायला हवं.

तिन्ही सल्ल्यांत एक गोष्ट सारखी आहे. "घर आवरलं जातं." शाळेत कर्तरी आणि कर्मणी प्रयोग शिकलो होतो ना? सगळे सल्ले कर्मणी प्रयोगात असतात. कर्ता गायब.

४. आमच्या दारामागचा कागद

आता आमच्या घरातला प्रयोग. आधीच सांगतो, एन इज इक्वल टू टू. यातून जगाबद्दल काही सिद्ध होत नाही. फक्त माझ्याबद्दल होतं.

जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून दारामागं लावलं. आठवडाभर प्रत्येक कामाची नोंद. रकाने तीन: काय केलं, किती मिनिटं, आणि *लक्षात कुणाच्या आलं*. तिसरा रकाना बायकोचा. मी म्हटलं त्याची काय गरज? ती म्हणाली, "भर तर आधी."

सुरुवात करण्यापूर्वी मी माझा अंदाज लिहून ठेवला: रोज एक तास. आठवड्याच्या शेवटी माझी सरासरी निघाली ३५ मिनिटं. आणि त्यातही गडबड आहे. कागद लावलाय म्हणून मी दोनदा उगाचच केर काढला होता. आपल्याकडं कुणी बघतंय म्हटल्यावर माणूस वेगळं वागतो, हे तुम्ही पद्धतिशास्त्राच्या पेपरसाठी पाठ केलं असेल. मी ते स्वतः झाडू हातात धरून शिकलो. म्हणजे ३५ हीसुद्धा फुगलेली आकडेवारी.

पण मला खरा दणका तिसऱ्या रकान्यानं दिला. माझ्या नावावरच्या बहुतेक कामांपुढं 'लक्षात कुणाच्या आलं' यात तिचं अक्षर होतं. कचऱ्याची गाडी आली म्हणून डबा मी खाली नेला, पण आज ओला-सुका वेगळा करून ठेवलाय हे तिनं बघितलं होतं. गाद्या मी उन्हात टाकल्या, पण चार दिवसांनी आज ऊन पडलंय हे तिच्या ध्यानात आलं होतं. मी हात होतो. डोकं तिचं चालत होतं. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शिफ्टची नोकरी करते, तिथंही दिवसभर हेच: काय संपलं, काय उरलं, काय राहिलं.

याचाही अभ्यास झालाय. अॅलिसन डॅमिंजर यांचा २०१९ चा पेपर, ३५ जोडप्यांच्या मुलाखती. घरातल्या बौद्धिक कामाचे त्यांनी चार टप्पे केलेत: गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. निर्णय घेताना नवरे बऱ्यापैकी हजर असतात. पण पहिला आणि शेवटचा टप्पा, ओळखणं आणि लक्ष ठेवणं, बहुतेक बायकांकडं. वाचताना वाटलं, या बाईंनी आमच्या दारामागचा कागद बघितला की काय.

लॅबमध्ये मी असा नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं. आम्ही काचेवर पातळ थर चढवतो. आमच्या पेपरच्या प्रायोगिक भागात सगळ्यात आधी काय लिहितात? काच कशी धुतली. क्रोमिक आम्लात उकळली, डिटर्जंटनं धुतली, डिस्टिल्ड वॉटरमध्ये अल्ट्रासॉनिक क्लीनरला लावली. काच नीट धुतली नाही तर थर चिकटत नाही, पुढचं सगळं वाया. म्हणून धुणं हा पद्धतीचा पहिला टप्पा आहे, आणि तो छापून येतो. डिस्टिल्ड वॉटर संपत आलंय हे बघणं कुणाचं काम, याची यादी आमच्या लॅबच्या दारावर आहे. तिथं मी कधी म्हणत नाही की "मी लॅबला मदत करतो." घरी मात्र चार वर्षं "मी मदत करतो" म्हणत होतो. मदत दुसऱ्याच्या कामात करतात.

५. तुमच्यासाठी याचा उपयोग काय?

तुम्ही अभ्यासाला बसता तेव्हा तुमच्या टेबलावर चहा येतो, जेवणाचं ताट येतं, धुतलेले कपडे कपाटात असतात. नाहीतर उलटं: तुम्हीच ताट वाढून, भांडी घासून, रात्री दहानंतर पुस्तक उघडता. पहिल्या प्रकारच्या विद्यार्थ्याला दिवसाचे दहा तास मिळतात आणि तो त्याला 'माझी शिस्त' म्हणतो. दुसरीला चार तास मिळतात आणि तिला वाटतं, 'माझंच नियोजन चुकतंय.' दोघांनाही एकच वेळापत्रक वाटणारा मी परवा त्या चहाच्या कपावर बसलो होतो. हे मला जास्त खटकलं. तो सल्ला चुकीचा तर होताच, वर ज्यांच्याकडं वेळ नाही त्यांना दोष देणारा होता.

आता हा लेख पाठ करू नका, एवढंच करा:

एक. कुठलीही सरासरी दिसली की आधी छेद शोधा. कुणाला धरलं, कुणाला वगळलं?

दोन. 'काय मोजलं' आणि 'काय मोजलं असं सांगितलं' यातला फरक स्वतःच्या शब्दांत एका ओळीत लिहा. लिहिता आला नाही तर पेपर पुन्हा वाचा.

तीन. किती लहान गोष्ट या मोजमापातून गळेल, हे विचारा. प्रत्येक चाळणीला भोकं असतात.

चार. कर्मणी प्रयोगातलं वाक्य दिसलं की त्याचा कर्तरी करून बघा. "सॅम्पल तयार केले गेले": कुणी? "घर आवरलं गेलं": कुणी?

आणि पाचवं, रिसर्चबाहेरचं. आठवडाभर दारामागं एक कागद लावा. तीन रकाने. घरी राहत असाल तर आईसोबत, रूमवर असाल तर रूममेटसोबत. आधी तुमचा अंदाज लिहून ठेवा, नंतर बदलू नका.

आमच्या घरात काय बदललं? जादू काही झाली नाही. कामं आता अर्धी-अर्धी वाटलेली नाहीत, अख्खी वाटलेली आहेत. बाथरूम पूर्ण माझं: घासणं, साबण संपलाय हे बघणं, आणणं, सगळं. तिनं आठवण करायची नाही, मी विचारायचं नाही. पहिल्या आठवड्यात साबण संपला आणि मला कळलंच नाही. ती काही बोलली नाही. तिनं शॅम्पूनं हात धुतले आणि ड्युटीवर गेली. त्या दिवशी संध्याकाळी केएमटीतून उतरल्यावर मी आधी किराणा दुकानात गेलो.

घर काही चकाचक झालेलं नाही. हे लिहितोय तेव्हा खुर्चीवर कपड्यांचा ढीग आहे. फरक इतकाच की तो मला आता दिसतो, आणि घड्या घालायच्या राहिल्यात हे मला माहीत आहे. लेख संपला की घालतो.

पुढच्या वेळी: सहसंबंध गुणांक ०.३ आला तर आनंद मानायचा की रडायचं. तोपर्यंत कागद लावा.